खोटा उजेड

माझ्या भावजींना, म्हणजे ताईच्या नवऱ्याला, वेधशाळेत सगळे शंकासुर म्हणतात. हे नाव ज्यानं ठेवलं त्याला मी स्वतःच्या खिशातून बक्षीस देईन. दाराला कुलूप लावलं की हा माणूस चार पावलं जातो, परत येतो आणि कुलूप ओढून बघतो. मग आणखी चार पावलं जातो आणि कडी बघायला परत येतो. पहिल्यांदा आमच्या घरी आले तेव्हा आईनं हौसेनं ताईचे लहानपणीचे फोटो काढून दाखवले. भावजींनी त्यातला एक उचलला, दिव्याजवळ धरला आणि विचारलं, "ही तीच कशावरून?" आईच्या मनातून ते जे उतरले ते कायमचे. ताई मात्र हसली होती. तिला तो प्रश्न का आवडला, देव जाणे.

त्यांचं काम त्यांच्या स्वभावाला बेतून शिवल्यासारखं आहे. पार उत्तरेला, जिथं नोव्हेंबरात मावळलेला सूर्य फेब्रुवारीपर्यंत तोंड दाखवत नाही, अशा एका टेकडीवर त्यांची खोली आहे. खोलीच्या छताला काचेचा घुमट आणि घुमटाखाली वर तोंड करून बसलेलं यंत्र. सूर्याकडून निघालेले कण फार उंचावर हवेला येऊन धडकतात आणि ती हवा उजळते. लोक त्याला ध्रुवप्रकाश म्हणतात, लांबलांबून बघायला येतात, मान मोडेस्तोवर वर बघतात आणि एकमेकांच्या गळ्यात पडतात. भावजी त्याला 'उत्सर्जन' म्हणतात. हिरवा ऑक्सिजनचा, त्याच्याही वरचा लाल तोही ऑक्सिजनचा, खालच्या काठाचा जांभळट निळा नायट्रोजनचा, असं ते यंत्र उजेड चाळून सांगतं. भावजींचं काम म्हणजे यंत्राच्या सांगण्यावर विश्वास न ठेवणं. हा उजेड वरचाच कशावरून? चंद्राचा नसेल? खालच्या गावातल्या दिव्यांचा ढगावर पडलेला नसेल? यंत्र स्वतःच तापून बरळत नसेल? आभाळातून न आलेल्या उजेडाला टेकडीवर एकच नाव आहे, खोटा उजेड.

एकदा डोक्यावर सगळं आभाळ हिरवं होऊन हलत होतं. मी म्हटलं, "काय सुंदर आहे हो, भावजी."

"असेल," ते म्हणाले. "आधी तपासू."

त्यातल्या त्यात त्यांचा जीव लाल उजेडावर. का, तर त्या लालाला वेळ लागतो. हिरवा धक्का बसल्याबरोबर उजळतो, पण लाल देणारा अणू धक्का खाऊन बराच वेळ गप्प राहतो आणि मग उजळतो. "घाई नाही त्याला," असं ते एकदा कौतुकानं म्हणाले होते. एवढंच कौतुक मी त्यांच्या तोंडून ऐकलंय, आणि तेही एका अणूचं. पण एक मान्य करायला हवं. शंकासुरानं 'खरा' म्हटलेला उजेड दुसऱ्या कुठल्याही वेधशाळेत कोणी परत तपासत नाही.

मीही काही दुधखुळी नाही. विम्याचे दावे तपासणं हा माझा धंदा. दुकान जळालं म्हणून कोणी रडत आलं की मी आधी विचारते, आग लागायच्या आधी माल कुठे हलवला होता? रडणाऱ्या माणसाचे मी डोळे बघत नाही, बूट बघते. तेव्हा त्या हिवाळ्यात एका छपराखाली आम्ही दोन संशयी राहत होतो आणि मधे माझी बिचारी ताई.

मी तिथं गेले ती ताईच्या फोनमुळे. आधी ती तासभर बोलायची, मग पाच मिनिटं, मग नुसतं "हं" आणि "बरं". कुठंतरी पाणी मुरतंय हे मला कळायला वेळ लागला नाही. कामाची पेटी उचलली आणि गेले. जाऊन बघते तर ताई अंथरुणात. केसांचा गुंता, उशाशी साय धरलेला चहा. रडत नव्हती. रडली असती तर मला बरं वाटलं असतं. "काही नाही गं," म्हणाली, "सूर्य आला की होईन बरी." मागच्या हिवाळ्यातही अशीच होती म्हणे, पण इतकी नाही.

भावजी संध्याकाळी यायचे, आधी खिडक्यांच्या काळ्या पडद्यांच्या कडा बोटानं चाचपायचे, जेवायचे आणि विचारायचे, "झोप लागली का?" ताई म्हणायची, "लागली." जगात कशावर म्हणून विश्वास न ठेवणारा हा माणूस त्या एका शब्दावर विश्वास ठेवून परत वर निघून जायचा. माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

खालच्या गावातल्या डॉक्टरीणबाईंनी ताईला तपासलं आणि सरळ सांगितलं की हे अंधाराचं दुखणं आहे. रोज सकाळी चांगल्या जोरकस पांढऱ्या दिव्यासमोर बसायचं, नाहीतर सूर्य असेल तिथं निघून जायचं. परतीच्या वाटेवर मी म्हटलं, "चल माझ्याबरोबर." ताई म्हणाली, "आणि यांना इथं एकटं ठेवू? हे आपल्या सावलीकडेसुद्धा ओळखपत्र मागतील."

"मग दिव्याचं सांग त्यांना."

"सांगितलं तर नाही म्हणतील असं वाटतं तुला? हो म्हणतील. तोच तर घोळ आहे. हो म्हणतील आणि माझ्यासाठी यंत्रावर झाकण टाकून बसतील. मला नको ते."

कारण टेकडीवर अंधाराचा कायदा होता. हिवाळ्यात घराबाहेर फक्त लाल बॅटरी, खिडक्यांना दुहेरी काळं कापड आणि पांढरा दिवा लागलाच तर एवढासा, तोही झाकून. ज्या घरातून खोटा उजेड बाहेर पडेल, त्या घरातल्या, कामावर नसलेल्या माणसांनी हिवाळाभर टेकडी सोडायची. हा कायदा कोणी केला? भावजींनीच.

म्हणून दिवा चोरून आणला. आणला मीच. धान्याच्या कोठीत एक लहानशी खिडकी होती. तिच्या काळ्या कापडावर मी घोंगडी ठोकली. सकाळी भावजी वर गेले की ताई कोठीत पिठाच्या पोत्यांमधे स्टुलावर बसायची, समोर पाटाएवढा पांढरा लखलखीत दिवा. ती त्याला खोटा सूर्य म्हणायची. "खोटा तर खोटा, अंगाला लागतोय ना," म्हणायची. आणि लागला. आधी ती माझ्याआधी उठायला लागली. मग एक दिवस न्हायली. मग एक दिवस मी कांदा फार जाड चिरते म्हणून मला अशी काही रागावली, की मी आत जाऊन आनंदानं रडले.

हे सुख फार दिवस टिकलं नाही. एका संध्याकाळी सूप पिता पिता भावजी म्हणाले, "रोज सकाळी एक खोटा उजेड येतोय."

ताईचा चमचा थांबला. मी विचारलं, "खूप?"

"कुसळाएवढा. पण रोज त्याच वेळी. आभाळाला घड्याळ नसतं. घड्याळ माणसाला असतं."

"माणसाचाच कशावरून?" मी त्यांचाच प्रश्न त्यांना परत केला.

"आभाळाचा उजेड सुट्या सुट्या रेघांचा असतो. हा पसरट आहे, आणि निळ्याकडे उंचवटा आहे. पांढरा दिवा आहे कुठला तरी."

"कुठला?"

"बघू," ते म्हणाले आणि पाव मोडून, आत काय आहे ते बघून, खाल्ला.

त्या दिवसापासून माझी झोप उडाली. ताई म्हणाली, बंद करू या. मी म्हटलं, मुळीच नाही, आणखी एक घोंगडी ठोकू. ठोकली. पण चोराच्या मनात चांदणं, तसं मला जिकडेतिकडे भावजी दिसायला लागले. आणि ते खरोखरच दिसत होते, हाच तर त्रास होता. सकाळी वर गेलेला माणूस मधेच खाली येऊन घरामागे फावडं घेऊन उभा. मी पडद्याआडून बघितलं, तर कोठीच्या खिडकीबाहेर बर्फ उकरत होते. मी ताईला म्हटलं, "पावलांचे ठसे शोधतायत." दुसऱ्या दिवशीही तेच. विचारलं तर म्हणाले, "बर्फ साचलाय." ज्या देशात बर्फाशिवाय काही साचतच नाही, तिथं हे उत्तर!

माझ्या धंद्यातली एक युक्ती आहे. बंद खोलीच्या दाराला खाली एक दोरा चिकटवायचा. कोणी आत गेलं की तो तुटतो. ताई दिव्यावर चादर घालून त्यावर पोती लोटायची आणि मी दोरा लावायची. एकदा आम्ही दोघी गावात सामान आणायला गेलो. परत येऊन बघते तर दोरा तुटलेला.

"वाऱ्यानं तुटला असेल," ताई म्हणाली.

"कोठीत कुठून आला वारा?"

पोती होती तशी होती, चादर होती तशी होती. म्हणजे आत आले, पण दिवा सापडला नाही? की सापडला आणि गप्प बसले? ही दुसरी शक्यता जास्त वाईट. ज्याला पुरावा सापडतो आणि जो बोलत नाही तो पुरावा जमवत असतो, हे मला माहीत आहे, कारण मी स्वतः तेच करते. चोराला आणखी एकदा चोरी करू द्यायची, मग पकडायचं. मला वाटलं, हा माणूस ताईला रीतसर, नियमाला धरून घराबाहेर काढणार. तिला एकटीला खाली पाठवलं की ती परत अंथरूण धरणार. मी रात्रीच्या जेवणात त्यांना कमी वाढायला लागले.

मग त्यांनी आणखी एक डाव टाकला. वेधशाळेच्या भोजनगृहात सगळ्यांसमोर म्हणाले, "सकाळचा उजेड गाडीचा असावा." गाडी म्हणजे सामान घेऊन बर्फावरून वर येणारी गाडी. तिचा ड्रायव्हर तिथंच जेवत होता. भला माणूस, त्यानं दिव्यांना फडकी बांधली, आणि दुसऱ्याच सकाळी गाडी वळणावर बर्फाच्या ढिगात घातली. तो स्वयंपाकघराच्या दारात येऊन माझ्यावर ओरडला, जणू मीच शंकासुर.

"मॅडम, सांगा तुमच्या भावजींना. इतकी वर्षं मी याच दिव्यांनी येतोय. आत्ताच कसा दिसायला लागला उजेड? आणि फडकी बांधल्यावर परत दिसलाच ना? मग?"

त्याचं बरोबर होतं. माझा संशय आणखी वाढला. पसरट काय आणि उंचवटा काय, हे सगळं ज्याला तोंडपाठ आहे तो माणूस जाग्यावरचा दिवा आणि चालती गाडी यात गल्लत करील? नक्की आम्हाला बेसावध ठेवायला बोलतोय.

भावजींची मोजमापं मुख्य कार्यालयात जात. तिथल्या प्रमुख बाईंनाही तो कुसळाएवढा उजेड दिसला आणि त्या स्वतः आल्या. या बाई एकेकाळी भावजींच्याच हाताखाली शिकलेल्या, अजून त्यांना 'सर' म्हणतात. भोजनगृहात सगळ्यांना बोलावलं. ताईला मी घरीच ठेवलं होतं, डोकं दुखतंय म्हणून सांगून. बाईंनी टेबलावर आलेखाचा कागद पसरला आणि ड्रायव्हरकडे बघून म्हणाल्या, "हा गाडीचा नाही. गाडीचा उजेड फिरता असता. हा रोज एकाच बाजूनं येतोय. सर, हे तुम्हीच आम्हाला शिकवलंत."

"हो," भावजी म्हणाले.

"मग घरं तपासावी लागतील. आत्ताच."

कोठीतल्या पोत्यांमागे दिवा होता, सकाळचा गरमही असेल. मी मनातल्या मनात जबाब रचायला घेतला: दिवा माझा, ताईचा नाही, मला डोळ्यांचा त्रास आहे. दावे ऐकून ऐकून थापा कशा मारायच्या नाहीत ते मला चांगलं ठाऊक आहे, पण तरी एकही धड सुचेना.

"घरं तपासायची गरज नाही," भावजी म्हणाले. ते उभे राहिले होते. "तो माझ्या टेबलावरचा दिवा आहे. सकाळी वाचायला लावत होतो. झाकायचं राहून गेलं."

बाहेरच्या माणसाला यात काय वाटणार? दिवा राहिला, राहिला. पण त्या खोलीत बसलेल्यांना ते शस्त्रक्रियेच्या डॉक्टरनं हात धुवायचे राहिले म्हणण्यासारखं होतं. ह्या माणसानं लोकांच्या मनगटावरची चमकत्या काट्यांची घड्याळं काढून घेतली होती. ड्रायव्हरला आधी हसू आलं, मग त्यानं ते गिळलं.

"तुम्ही?" बाईंनी विचारलं. "घुमटाखाली? रोज?"

"रोज."

बाईंचा चेहरा उतरला. त्यांनी कागदाची घडी घातली, परत उलगडली. मग जे सांगितलं ते त्यांना सांगावंच लागणार होतं. या हिवाळ्यातल्या सगळ्या सकाळी बाद. आणि यापुढे इथल्या उजेडाला खरा-खोटा ठरवायचं काम दुसरं कोणीतरी करील. भावजींनी यंत्र पुसावं, चालू ठेवावं, एवढंच.

"बरोबर आहे," भावजी म्हणाले. "मीही हेच केलं असतं."

दाराशी जाऊन बाई थांबल्या. "सर, तो दिवा बंद होईल ना?"

"झाकला जाईल."

बाईंनी त्यांच्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं आणि म्हणाल्या, "ठीक आहे."

मी घराकडे अक्षरशः पळत सुटले. इतके दिवस छातीवर ठेवलेला धोंडा उतरला होता, आणि खोटं कशाला बोलू, मला उकळ्याही फुटत होत्या. आम्हाला गुन्हेगार ठरवायला निघालेला माणूस स्वतःच सापडला होता. ताई स्वयंपाकघरात उशीला अभ्रा घालत होती. मी तिला सगळं एका दमात सांगितलं. "काखेत कळसा आणि गावाला वळसा," मी म्हटलं. "आपला उजेड बाहेर जातच नव्हता! त्यांच्याच टेबलावरचा दिवा."

ताईनं अभ्रा खाली ठेवला. "त्यांच्या टेबलावर दिवा नाही," ती म्हणाली.

"असेल गं. तू कुठे बघायला जातेस?"

"कालच डबा घेऊन गेले होते. त्या खोलीत दिवाच नाही. डोक्याला लाल बल्ब बांधून वाचतात ते. म्हणून तर चष्म्याचा नंबर वाढतोय."

मी बॅटरी घेऊन घरामागे गेले. कोठीच्या खिडकीवर बाहेरून बर्फाची भिंत होती, खिडकीच्याही वरपर्यंत, फावड्यानं थापून थापून गुळगुळीत केलेली. वरच्या कोपऱ्यात वारा यायला एक झरोका होता. त्यालाही काळं कापड ठोकलेलं होतं. मी ठोकलेलं नव्हतं. मला तो झरोका माहीतसुद्धा नव्हता. इतकी वर्षं लोकांचे दावे तपासून मी जी अक्कल कमावली होती, ती त्या भिंतीपुढे उभी राहून लाजली.

भावजी आले तेव्हा दिवा स्वयंपाकघराच्या टेबलावर होता. ताईनंच आणून ठेवला होता, न लावता. त्यांनी तो बघितला, कोट टांगला, दाराची कडी बघितली, परत बघितली.

"केव्हापासून माहीत होतं?" ताईनं विचारलं.

"पहिल्या आठवड्यापासून. तू सकाळी गुणगुणायला लागलीस ना, तेव्हा."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तू लावला नसतास."

ताई रडायला लागली. त्या हिवाळ्यात पहिल्यांदाच. भावजी तिच्या शेजारी उभे राहिले, हात कुठे ठेवावा हे त्यांना कळत नव्हतं.

"अहो भावजी, तुमचं नाव गेलं की हो," मी म्हटलं. मलाही रडू फुटलं, आणि ते मला मुळीच आवडलं नाही.

भावजींनी खुर्ची ओढली, दिवा आपल्याकडे वळवला आणि त्याच्या पाठीवरची चिकटवलेली चिठ्ठी चष्मा वर करून, डोळे अगदी जवळ नेऊन वाचली. चेहऱ्यावर तोच जुना, आईला न आवडणारा संशय.

"ह्यावर लिहिलाय तेवढा उजेड हा देत नाही," ते ताईला म्हणाले. "कोठीत येऊन मोजलाय मी. उद्यापासून हातभर जवळ बसत जा."